डावा खांदा

मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता शालिग्राम म्हणाला, “ताई, आइतवारी काल्याच्या कीर्तनाले ते उपरणं मी खांद्यावर घेऊन राह्यलो,” आणि लगेच शेजारच्या बाईला कांद्याची पात दाखवायला वळला. बुलढाण्याचा भाजीबाजार होता तसाच चालू राहिला. कुणी गाईला हाकलत होतं, कुणी वांगी उलटीपालटी करून बघत होतं. जयमालाला मात्र एकदम तोल गेल्यासारखं वाटलं. अंधारात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. “कोणतं उपरणं?” तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं. पण विचारलं की उत्तर येईपर्यंत थोडा वेळ मिळतो. “कोनतं म्हंजे? मठाच्या थोरल्या महाराजांचं. तुमी काचंत बसवलं ते.” हात धुवावेत तसे त्यानं ओल्या गोणपाटावर हात पुसले. “उकंडराव महाराजांचा आवाज गेला न हिवाळ्यात. शब्दच फुटत नाई आता. मंग कीर्तनाची गादी मले द्याचं ठरलं. माह्यासारख्याले काऊन, ते त्या इठ्ठलालेच माईत. पन उपरणं खांद्यावर पडल्याबिगर गादी चालत नाई.” ती म्हणाली, “शालिग्रामभाऊ, ते अंगावर घेण्यासारखं राहिलेलं नाही.” “मी बी तेच म्हनलो. लय घामाचा मानूस मी, म्हनलो. तं गुलाबराव म्हने, ताई आहेत न, त्या पाह्यतीन काय ते.” आणि नेहमीसारखी त्यानं वर मूठभर कोथिंबीर टाकली.

घरी येईस्तोवर पिशवी हाताला काचत राहिली तरी तिनं हात बदलला नाही. तिच्या डोळ्यांसमोर शालिग्रामचा खांदा होता. आजवर या माणसाकडे तिनं भाजीवाला म्हणून आणि गोड गळ्याचा टाळकरी म्हणून पाहिलं होतं, खांदा म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आता तो खांदा सारखा मोठा होत होता: रुंद, उतरता, सदऱ्यातून घामाचा ओला नकाशा उमटलेला, भाजीची पाटी वाहून वाहून गळ्यापाशी एक घट्टा धरलेला. त्या घट्ट्यावर रेशीम अडकणार. जुनं रेशीम कशावरही अडकतं, नखावर, सुकलेल्या मेंदीवर, श्वासावरसुद्धा. ती काम करते त्या उत्तरेकडच्या खोलीत ती बांगड्या काढून ठेवते, तोंडाला फडकं बांधते, पंखा लावत नाही. गल्लीतली माणसं तिला कापडाची डाक्टरीण म्हणतात आणि हसतात, आणि ती पण हसते. नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात ती बरीच वर्षं हेच काम करून आली होती. तिथं कापडं मेलेली येत. राजांचे अंगरखे, कुणाचा तरी शेला, कुणाच्या तरी हत्तीची झूल. ज्यांची होती ती माणसं गेलेली, त्यांना हात लावणारं, त्यांच्यासाठी रडणारं कुणी उरलेलं नाही. इथं येऊन तिला कळलं की कापड जिवंत असलं की त्याचं काम फार अवघड. इथं कापडाला नातेवाईक असतात.

तीनएक वर्षांपूर्वी मठाचे विश्वस्त गुलाबराव ते उपरणं तिच्याकडे घेऊन आले होते. मिठाईच्या खोक्यात, डांबराच्या गोळ्यांमध्ये, चौघडी घातलेलं. खोकं उघडल्यावर गुलाबरावांनी हात जोडले होते आणि तिनं श्वास धरला होता. घडीच्या रेघांवर रेशीम पापडासारखं तुटलं होतं. रंग कधीकाळी केशरी असावा, आता वाळल्या हळदीचा. काठाची जर काळवंडलेली. आणि डाव्या बाजूला, जिथं ते पिढ्यान् पिढ्या खांद्यावर बसत आलं होतं, तिथं बुक्क्याचा, घामाचा, दह्याचा मिळून एक तपकिरी डाग. तो तिनं काढला नव्हता. काढता आला असता. पण गुलाबराव त्या डागालाच वाकून नमस्कार करत होते हे तिनं पाहिलं होतं. तिनं सगळं कापड केसाइतक्या बारीक रेशमी जाळीवर आडवं केलं, वाकड्या सुईनं टाके घातले, असे की जवळ जाऊनही दिसू नयेत. मग जाळीसकट सुती कापड ताणलेल्या लाकडी पाटावर बसवलं आणि वर काच. तेव्हा तिनं सांगितलं होतं, आता हे इथंच राहू द्या, लोकांना काचेतून दर्शन घेऊ द्या. “हाव, हाव,” गुलाबराव म्हणाले होते. आता तिला वाटलं, ते ‘हाव’ तिनं कबुलीचं समजलं. इकडे ‘हाव’ म्हणजे ऐकू आलं, एवढंच असतं. वरवट बकालसारख्या गावात लहानाची मोठी झालेल्या बाईनं हे विसरावं म्हणजे कमाल.

संध्याकाळी तिनं फोन लावला. गुलाबराव तिच्यावर रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते फार मायेनं बोलत होते. “ताई, तुमी चिंता काऊन करता? कपडा आहे तो. खांद्यासाठीच इनला होता. काचंत ठेवासाठी कोन कपडा इनते, सांगा बरं?” तिनं सांगायचा प्रयत्न केला. रेशमाचा धागा आतून कसा भुगा होतो, वरून अख्खा दिसला तरी. घाम लागला की काय होतं. एकदा हलवलं, वाकवलं की पुन्हा जोडता येत नाही. बोलता बोलता तिला आपलाच आवाज परका वाटायला लागला, नागपूरच्या त्या थंडगार खोलीतला. पलीकडे गुलाबराव मधे मधे “हाव” म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, “आणि मी नाही काढून दिलं तर?” “तर मंग काय, आमी काढू. पाटाले मांगून इस्क्रू आहेत न, लाइटवाला पोरगा खोलून देते. पन तुमी आल्या तं बरं. तुमच्या हातानं कमी दुखन त्याले.” आणि पुढे, “तुमी कीर्तनाले येतच असता. जेवूनच जा.”

रात्री झोप लागेना. डोळे मिटले की लाइटवाल्या पोराच्या हातातला पेचकस दिसे. पाटाच्या मागे फिरणारा, आणि मग एक मोठा हात कापडाच्या कोपऱ्याला धरून ओढणारा, जसं ओलं धोतर तारेवरून ओढतात. भीती तिला नवी नव्हती. लहानपणापासून ती घाबरटच. कडी लागली का हे दोनदा बघायची, नदीला पाणी नसतानाही पुलावर बाबांचं बोट सोडायची नाही. आई म्हणायची, या पोरीच्या जिवाले कोनं काय करून ठेवलं. फक्त कीर्तनात ती भ्यायची नाही. बाबा टाळकरी होते; संग्रामपूरपासून कुठल्या कुठल्या गावांना सायकलवर पुढे बसवून घेऊन जायचे. ती त्यांच्या पायाशी बसायची, टाळ वाजले की त्यांच्या पोटऱ्या थरथरायच्या, ती थरथर तिच्या पाठीत उतरायची, आणि पोटातली ती नेहमीची गाठ आपोआप सुटायची. बुवा हसवायचे, मग रडवायचे, मग एकदम सगळा मांडव उभा राहायचा. आणि त्या सगळ्यात आपलं काही हरवेल असं तिला कधी वाटायचं नाही. मोठेपणीही तसंच राहिलं. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, सिनेमाला जा, भिशीला जा. ती सप्ताहाला जायची. एवढी एकच जागा होती जिथं तिचे हात रिकामे असायचे. आणि आता त्याच जागी, बुवाच्या खांद्यावर, तिची सगळी भीती उपरणं होऊन बसणार होती. तिला वाटलं, जाऊच नये. मग वाटलं, न जाणं म्हणजे पेचकस. कूस बदलत ती पडून राहिली.

रविवारी सकाळी ती पहिल्याच गाडीनं निघाली. चिखली गेली, अमडापूरच्या अलीकडे फाट्यावर उतरली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. चैत्रातलं ऊन, सकाळीच पाठीत बोट खुपसणारं. मठात लाह्यांचा आणि दह्याचा वास भरून राहिला होता. मागच्या खोलीत पाट आडवा ठेवला होता. काच गुलाबरावांनी आधीच उतरवून ठेवली होती. खिडकीशी खाटेवर उकंडराव महाराज बसले होते. ज्यांच्या आवाजानं मांडवाच्या कनाती हलल्या तो माणूस आता तोंड थोडं उघडं ठेवून गप्प बसला होता, आणि एक बोट मांडीवर ठेका धरत होतं. तिनं पाया पडून काम सुरू केलं. कापडाचे जाळीला घातलेले टाके तिनं तसेच राहू दिले, जाळी पाटाला जिथं जोडली होती तेवढेच कापले. प्रत्येक टाक्याला कात्रीचं टोक आत घालताना आपल्याच कपाळावरचा घाम गळून त्यावर पडेल म्हणून ती मान बाजूला करत होती. कापतानाचं कुटकुट तिला फार मोठं ऐकू येत होतं. तेव्हा हेच हात हे टाके घालताना किती खूश होते. पाटाचे सगळे टाके तुटले आणि तिनं उपरणं दोन्ही हातांवर उचललं, तेव्हा ते इतकं हलकं होतं की तिला दचकायला झालं. तीन वर्षांत तिनं मनात त्याचं वजन फार वाढवून ठेवलं होतं.

शालिग्राम अंघोळ करून, कोरा सदरा घालून, लग्नाच्या नवरदेवासारखा अवघडून उभा होता. तिनं त्याच्या डाव्या खांद्यावर आधी धुतलेल्या सुती कापडाच्या चार घड्या ठेवल्या, मग उपरणं. ठेवताना उकंडराव महाराजांचा हात पुढे आला. त्यांनी दोन बोटं उपरण्याला लावली आणि मग शालिग्रामच्या छातीला. एवढंच. गुलाबरावांनी डोळे पुसले. जयमालाला त्या क्षणी नमस्कार करावासा वाटला नाही, तिची नजर त्या दोन बोटांच्या नखांवर होती. “भाऊ, एक ऐका,” ती म्हणाली, “डावा हात वर करायचा नाही. अजिबात. आणि मान डावीकडे वळवायची नाही.” “कीर्तनात हात खाली ठेवून कसं जमन, ताई?” “जमवा.” त्यानं डावा हात पोटाशी धरून पाहिला. मग म्हणाला, “बरं. तुमी पुढंच बसा मंग. मी चुकलो तं डोळे मोठे करा.” गुलाबराव हसले, “अबे, कीर्तन करून राह्यला का परीक्षा देऊन राह्यला.”

आणि ती पुढेच बसली, बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या अगदी काठावर, जिथून डावा खांदा नीट दिसे. वर कापडाचा मांडव, कडेनं गरम वाऱ्याची झुळूक. नमन झालं, चाल लागली, मागे टाळकऱ्यांनी टाळ घेतले, मृदंगावर थाप पडली, आणि जयमालाला काही ऐकू येईना. म्हणजे ऐकू येत होतं सगळं, पण जसं परगावच्या गाडीची घोषणा ऐकू येते तसं. ती खांदा बघत होती. टोक कुठे आहे, दशा कुठे आहेत, श्वासाबरोबर किती हलतं, सुती घडी ओली झाली का. शालिग्रामनं गोपाळांची गोष्ट लावली होती. सगळे आपापल्या शिदोऱ्या सोडतात, एकाची भाकर शिळी, तो लाजून झाडामागं बसतो, आणि देव म्हणतो आधी तुझी आण. ही गोष्ट शालिग्रामच्या तोंडून तिनं बाजारात ऐकली होती, टाळकरी गप्पा मारत असताना, भाजीच्या पाट्या उतरवता उतरवता. तेव्हा तो भाकर कशी लपवतात ते दाखवायला स्वतः गोणपाटाआड लपला होता आणि माणसं हसून हसून लोळली होती. आता तो खांबासारखा उभा होता. डावा हात पोटाशी घट्ट धरलेला, मान ताठ, आणि उजवा एकटाच बिचारा हवेत काहीतरी सांगू पाहत होता. भाकर लपवायचं ठिकाण आलं, तो नुसता म्हणाला, “अन् लपवली त्यानं.” कुणी हसलं नाही. मागे माणसं चुळबुळायला लागली, कुणी लेकराला पाणी पाजायला उठलं. टाळकऱ्यांनी ठेका धरून ठेवला होता, पण ढकलगाडी ढकलावी तसा. जयमालाच्या शेजारी अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या, गावातल्याच, चार एकर कांदा-लसूण स्वतः उभं राहून करणाऱ्या, तोंडानं तिखट. त्या तिच्या कानाशी म्हणाल्या, “याले काय झालं वं? डाव्या हाताले लकवा मारला का? चांगला नाचते न हा मानूस.” मागून कुणीतरी, “गादीच्या भेवानं आकसला असन,” आणि अन्नपूर्णाबाई, “मंग गादी कायले द्याची. खुंट्यालेच टांगाचं होतं उपरणं.”

तेव्हा तिला ऐकू आलं. कीर्तन नाही; कीर्तन मरतंय हे ऐकू आलं. रेशमाचा धागा आतून भुगा होतो आणि वरून अख्खा दिसतो, ते तिनं हजारदा लोकांना सांगितलं होतं. हे तसंच होतं. चाल बरोबर, शब्द बरोबर, सगळं जिथल्या तिथं, आणि आत पीठ. आणि ते तिनं केलं होतं, डोळे मोठे करून. शालिग्राम दर दोन ओळींनी तिच्याकडे बघत होता, पोर शिंकायच्या आधी मास्तरांकडे बघतं तसा. त्याच्या कपाळावरून घामाची धार निघाली होती आणि ती गळ्याकडे, घट्ट्याकडे, सुती घडीकडे सरकत होती. ती ही धारही बघत होती आणि त्याचे डोळेही, आणि दोन्ही एकदम बघता येईना. या माणसाला आज गादी मिळायची होती. गाव आज ठरवणार होतं, हा आपला का नाही. उद्या हे उपरणं काचेत परत गेलं असतं, अख्खं, तिचा एकही टाका न सुटलेलं, आणि खाली लोक म्हणाले असते, त्यानंतर इथलं कीर्तन रंगलं नाही. तिचा जीव घाबरा झाला. दोन्हीकडून घाबरा झाला, आणि मधे कुठेच बसायला जागा नव्हती. तिनं काही ठरवलं नाही. पण तो पुन्हा तिच्याकडे बघायला वळला तेव्हा तिनं मांडीवरचा आपला डावा हात उचलला, आणि खांद्याच्या वर, डोक्याच्या वर नेला.

शालिग्रामला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याचा हात पोटापासून सुटला, आधी कोपरापर्यंत, भीत भीत, मग पुरा. आणि त्याबरोबर आवाज सुटला. तो उघड्या रानातला, पाखरं हाकणारा आवाज होता, आत्तापर्यंत कुठे दाबून ठेवला होता कोण जाणे. “लपवली म्हंजे कशी लपवली, पाहा,” म्हणून तो खाली वाकला, एका टाळकऱ्याच्या मागे शिरला, त्याच्या काखेतून तोंड बाहेर काढून देवाशी बोलायला लागला, आणि मांडव हसून फुटला. “देवा, माही भाकर कडक आहे, तुह्या दाताले लागन.” मग हसणाऱ्यांनाच कळायच्या आत त्यानं सूर खाली नेला, देव त्या भाकरीचा तुकडा मोडतो, आणि खाण्याआधी रडतो. अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. मृदंगवाला उभा राहिला. खाटेवरून उचलून मांडवात आणून बसवलेल्या उकंडराव महाराजांचं उघडं तोंड हललं, आवाज आला नाही, पण शब्द कळले. गजर सुरू झाला. माणसं उठली, बायका उठल्या, पोरं उड्या मारायला लागली. टाळांची थरथर जमिनीतून आली, तिच्या तळपायातून पाठीत चढली, आणि पोटातली गाठ सुटली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. तेवढा वेळ तिनं खांद्याकडे पाहिलं नाही. खांदा आहे हेच ती विसरली होती.

आठवण झाली तेव्हा तिनं दचकून पाहिलं. उपरणं खांद्यावर होतं. पण खालचा कोपरा नव्हता. जिथं दशा आणि काळवंडलेली जर होती तिथं रिकामी जाळी लोंबत होती, आणि तिचे टाके, रिकामे, हवेला शिवलेले. तो तुकडा तिला लगेच दिसला. पिंपळाच्या पानाएवढा, झुळुकीवर तरंगत सतरंजीच्या काठाला लागलेला. नागपुरात याहून लहान तुकडा ती चिमट्यानं उचलायची, कागदी पाकिटात ठेवायची. ती पुढे झाली. अन्नपूर्णाबाई तिच्या आधी वाकल्या. त्यांनी तो उचलला, डोळ्यांना लावला, कपाळाला लावला, आणि पदराचं टोक सोडून गाठ मारायला घेतली. “काकू,” तिनं हात पुढे केला, “काकू, ते मला द्या.” अन्नपूर्णाबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, आणि चेहरा असा मऊ झाला होता की जयमालाला तो ओळखू आला नाही. “घे न माय,” त्या म्हणाल्या, “काऊन नाई. परसाद एकटीनं कोन खाते.” आणि त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मधोमध फाडला. आवाज झाला नाही. जुन्या रेशमाचा होत नाही. अर्धा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं वरून मिटवली, आणि गजरात परत शिरल्या.

ती मूठ धरून उभी राहिली. घट्ट धरली तर भुगा होईल, उघडली तर उडेल. तळहाताला घाम सुटत होता, तिला तो जाणवत होता, थांबवता येत नव्हता. मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. कडेवर लेकरू घेतलेली एक तरणी सून, उन्हानं लाल झालेली. “काकू, मलेई द्या न थोडंसं. लेकराले लावतो.” जयमालाला नाही म्हणायचं होतं. हे फाडायचं नसतं, मोडायचं नसतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि त्या सुनेनं विश्वासानं मान पुढे केली, डोळे मिटून. तिनं मूठ उघडली. फाडलं नाही. तो तुकडा दोन बोटांत धरून तिनं आधी लेकराच्या कपाळाला लावला, मग त्या सुनेच्या. कपाळ घामानं आणि कुंकवानं ओलं होतं. तिनं बोटं मागे घेतली तेव्हा बोटांत काही नव्हतं. घामानं तुकड्याचा भुगा झाला होता, आणि चार-दोन पिवळट धागे त्या कपाळावर चिकटून बसले होते, कुंकवाच्या जरा वर. सुनेला ते कळलंही नाही. तिनं डोळे उघडले, हसली, आणि लेकरू उंच करून नाचणाऱ्या बायकांत शिरली. जयमालानं ते परत घ्यायला हात पुढे केला. कपाळ पुढे सरकत होतं, गर्दीत एकदा दिसलं, मग फक्त लेकराचं टोपडं दिसलं. तिचा हात तसाच वर राहिला. मांडवात सगळ्यांचेच हात वर होते; त्यांत तिचा कुणाला वेगळा वाटला नाही.